स्क्रॅचिंगसाठी डीडीजे-एफएलएक्स४: डब्यातून काढल्यावर आणि सेटिंग बदलल्यावर

पायोनिअर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हा दोन चॅनलांचा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरचे डीजे सॉफ्टवेअर हाताने चालवण्याचे यंत्र, २०२२ च्या अखेरीस जाहीर झाला आणि त्याने आधीच्या डीडीजे-४०० ची जागा घेतली. पहिला कंट्रोलर म्हणून अनेक जण हाच घेतात, आणि त्यावरची बहुतेक परीक्षणे तो मिक्सिंगसाठी कसा आहे एवढेच सांगून थांबतात. त्यात गैर काही नाही, कारण त्याची सगळी रचना एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात अलगद जाण्यासाठीच केलेली आहे. प्रस्तुत परीक्षणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे: या कंट्रोलरवर स्क्रॅचिंग, म्हणजे आवाज हाताने पुढेमागे घासण्याची कला, शिकता येते का, आणि येत असेल तर त्यासाठी काय काय बदलावे लागते? माझे मत असे, की मूळ सेटिंगवर हे यंत्र स्क्रॅचिंगला जवळजवळ निरुपयोगी वाटते, पण सॉफ्टवेअरमधल्या चार-पाच गोष्टी नीट लावल्या की शिकाऊ माणसाला बराच काळ पुरेल एवढे ते देते. उरलेली मर्यादा यंत्राच्या घडणीची आहे आणि ती कोणत्याही सेटिंगने जात नाही.

महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटले की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आणि आधीच तयार करून आणलेले रिमिक्स डोळ्यांसमोर येतात. हाताने तबकडी पुढेमागे घासून तालवाद्यासारखा आवाज काढणे ही निराळीच विद्या आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ती जन्माला आली आणि तिच्या शोधाचे श्रेय सामान्यतः ग्रँड विझर्ड थिओडोर यांना दिले जाते. तेव्हाचे साधन टर्नटेबल होते: खाली सतत फिरणारी मोटर, वर निसरड्या स्लिपमॅटवर ठेवलेली तबकडी, आणि शेजारी मिक्सर. आजचा कंट्रोलर या तिन्हींची नक्कल करतो. नक्कल कोठे तोकडी पडते हे ओळखले, की कोणती सेटिंग कशासाठी आहे तेही आपोआप उलगडत जाते.

सुरुवात क्रॉसफेडरपासून, म्हणजे डाव्या आणि उजव्या डेकचा (गाणे वाजवणाऱ्या दोन बाजूंचा) आवाज कमीजास्त करणाऱ्या आडव्या पट्टीपासून करावी, कारण बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो. स्क्रॅचिंगमध्ये एक हात आवाज हलवतो आणि दुसरा हात तो उघडतो-मिटतो. ही उघडझाप दार आपटल्यासारखी तत्काळ झाली पाहिजे. मिक्सिंगसाठी लावलेल्या क्रॉसफेडरचा वक्र मात्र मंद असतो, म्हणजे पट्टी एका टोकापासून मध्याकडे सरकवताना आवाज हळूहळू चढत जातो. याची खात्री करून घेण्याची सोपी रीत आहे. एखादा लांब, एकसुरी ‘आऽ’ डाव्या डेकवर चालू ठेवावा, क्रॉसफेडर पूर्ण उजवीकडे न्यावा आणि नखाने तो किंचित डावीकडे ढकलावा. मंद वक्रावर आधी नुसती कुजबुज ऐकू येते आणि पट्टी बरीच आत आल्यावर आवाज भरतो. तीव्र वक्रावर टोक सोडताक्षणी पूर्ण आवाज खाडकन उघडतो.

पायोनिअरच्या रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधील कंट्रोलर विभागात मिक्सरचे पान आहे, आणि क्रॉसफेडरचा वक्र तिथे बदलता येतो. सर्वांत तीव्र पर्याय निवडावा. सेराटो डीजे प्रोमध्ये हीच सोय सेटअपच्या मिक्सर पानावर असते. मिक्स्स या मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये वक्रासाठी सरकती पट्टी दिलेली आहे, तिच्या एका टोकाला मिक्सिंग आणि दुसऱ्या टोकाला स्क्रॅचिंग. ती स्क्रॅचिंगच्या टोकाला नेली की काम झाले. काही कंट्रोलरांत याखेरीज ‘कट लॅग’ असाही पर्याय असतो. टोकापासून किती अंतर सरकल्यावर आवाज उघडावा हे तो ठरवतो, आणि तो दिलेला असेल तर अंतर शक्य तितके कमी ठेवावे.

हा एक बदल केल्यावर ट्रान्सफॉर्मर स्क्रॅच लगेच सुधारतो. त्यात फेडर मिटलेला ठेवून आवाज एका संथ खेचीत पुढे नेत असताना छोट्या छोट्या झटक्यांनी तो उघडायचा असतो, आणि मंद वक्रावर या झटक्यांचे तुकडे पडतच नाहीत, नुसता हेलकावा ऐकू येतो. चर्पमध्येही तसेच घडते: पुढे ढकलताना फेडर मिटवायचा, मागे ओढताना उघडायचा, आणि दोन्ही हात एका क्षणी जुळले तरच पाखराच्या चिवचिवाटासारखा तो नेमका आवाज येतो. शिकणारा माणूस स्वतःच्या हातांना दोष देत बसतो आणि दोष असतो वक्राचा.

याच पानावर फेडर उलटा करण्याचाही पर्याय बऱ्याच सॉफ्टवेअरांत असतो. मिक्स्समध्ये त्याच्यापुढे ‘हॅम्स्टर स्टाइल’ असे लिहिलेले दिसते. कॅलिफोर्नियातील बुलेटप्रूफ स्क्रॅच हॅम्स्टर्स या डीजे मंडळींवरून हे नाव रूढ झाले. उलट्या फेडरावर स्क्रॅचचे काही प्रकार, विशेषतः फ्लेअर (उघडा फेडर मध्येच क्षणभर मिटवणे) आणि क्रॅब (बोटांनी ओळीने खटके काढणे), अनेकांना सोपे जातात. सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी थोडे वाजवून पाहावे आणि मग एकच बाजू धरावी. दर आठवड्याला बदल करणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

फेडरचाच आणखी एक मुद्दा खास या यंत्राचा आहे. एफएलएक्स४ वर स्मार्ट फेडर नावाचे बटण आहे. ते चालू असताना फेडर सरकवला की सॉफ्टवेअर आवाजाची पातळी, खर्जाचे प्रमाण आणि गाण्याची गती आपणहून जुळवत जाते. नवख्याला मिक्स करताना ती मोठीच मदत आहे, पण स्क्रॅच करताना दर झटक्याला कोणी तरी खर्ज काढून घेत आहे आणि गती ओढत आहे असे होते. तेव्हा हे बटण बंद हवे, आणि त्याच्या जोडीचे स्मार्ट सीएफएक्स हे इफेक्टचे बटणही बंद हवे. आवाजाचे काही तरी बिनसले आहे पण काय ते कळत नाही, अशा वेळी आधी ही दोन बटणे पाहावीत.

यानंतरचा विषय विलंबाचा. हाताने जॉग, म्हणजे कंट्रोलरवरची गोल चकती, हलवला आणि स्पीकरमधून आवाज आला, यांच्या मधला काळ बव्हंशी ऑडिओ बफरच्या, म्हणजे एका वेळी साठवून पाठवल्या जाणाऱ्या आवाजाच्या तुकड्याच्या, आकारावर ठरतो. गणित सरळ आहे. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, ५१२ चा ११.६, २५६ चा ५.८ आणि १२८ चा २.९ मिलिसेकंद. प्रत्यक्षातला विलंब याहून अधिक असतो, कारण यूएसबी आणि ड्रायव्हर आपापली भर घालतात. मिक्सिंग करताना १०२४ वरही काही अडत नाही. स्क्रॅचिंगमध्ये मात्र बोटाने जॉगला टिचकी मारली की टिचकीचा आणि स्पीकरचा असे दोन आवाज वेगवेगळे जाणवू लागतात आणि हात नकळत घाई करू लागतो.

रेकॉर्डबॉक्समध्ये प्रेफरन्सेसच्या ऑडिओ पानावर बफरचा आकार बदलता येतो, सेराटोमध्ये मिलिसेकंदांत आकडा दाखवणारी सरकपट्टी आहे, आणि मिक्स्समध्ये साउंड हार्डवेअरच्या पानावर यादीतून निवड करावी लागते. पायरीपायरीने आकडा कमी करत जावे. कुठे तरी आवाजात तडतड सुरू होते. ती सुरू झाली की एक पायरी मागे यावे. ही तपासणी दोन्ही डेक चालू ठेवून, एक-दोन इफेक्ट लावून आणि जॉग जोरात फिरवत करावी, कारण रिकाम्या बसलेल्या लॅपटॉपला १२८ सहज झेपतात आणि ऐन वेळी तोच दम टाकतो. विंडोजवर बॅटरी वाचवण्याची योजना बंद करणे, वाय-फाय काही वेळ तोडणे आणि यूएसबी हब टाळून कंट्रोलर थेट लॅपटॉपला जोडणे यांनीही फरक पडतो. जुन्या लॅपटॉपवर २५६ निर्वेध चालत असतील तर तेवढ्यावर समाधान मानावे. त्याखाली जाण्याच्या हट्टापायी तडतड पदरी घेण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथविषयी वेगळे सांगायला हवे, कारण घरी सराव करणाऱ्यांची सवय तशी असते. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन मध्ये आला की वर केलेल्या काटकसरीवर पाणी पडते, कारण त्याचा एकट्याचाच विलंब सहसा शंभर मिलिसेकंदांच्या वर असतो. कंट्रोलरच्या मागच्या आरसीए जोडणीतून तारेने स्पीकर लावावा किंवा तारेचा हेडफोन वापरावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला दुसराच पर्याय शेजारधर्मालाही धरून आहे.

आता सूर आणि ताल सांभाळणाऱ्या सोयींकडे वळू. रेकॉर्डबॉक्समध्ये मास्टर टेम्पो आणि इतरत्र की-लॉक म्हणून ओळखली जाणारी सोय गाण्याची गती बदलली तरी सूर तोच ठेवते. त्यासाठी सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा जोडते. स्क्रॅचिंगमध्ये हाताच्या गतीप्रमाणे सूर चढणे-उतरणे हाच मूळ आवाज आहे, आणि ही सोय चालू राहिली की संथ खेचीत तो आवाज दाणेदार, फाटलेला येतो. काही सॉफ्टवेअरे स्क्रॅच ओळखून तिला तेवढ्यापुरती बाजूला सारतात, तरी ज्या डेकवर स्क्रॅच करायचे त्या डेकवर ती बंदच ठेवलेली बरी. क्वांटाइझ (उड्या तालावर बसवणे) आणि सिंक (दोन गाण्यांची गती जुळवणे) यांचेही तेच. अर्ध्या सेकंदाच्या ‘आऽ’ला ताल नसतो, पण सॉफ्टवेअर त्याचाही काही तरी बीपीएम (मिनिटाचे ठोके) काढतेच, मग सिंक चालू असेल तर त्या खोट्या आकड्यावरून आवाज ताणला जातो, आणि क्वांटाइझ चालू असेल तर आपण व्यंजनाजवळ ठेवलेला क्यू, म्हणजे आवाजाच्या सुरुवातीची खूण, उडी मारून दुसरीकडेच जाऊन बसतो.

यानंतर जॉगचा विचार, आणि तो थोडा तपशिलात करायला हवा. एलपीची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची. कंट्रोलरचा जॉग तबकडीसारखा वागायचा असेल तर त्याच्या एका पूर्ण फेरीने गाणे नेमके १.८ सेकंद पुढे गेले पाहिजे. हे घरी तपासता येते. जॉगच्या कडेवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावावा, टेम्पो शून्यावर ठेवावा, डेक थांबवून वेळेचा आकडा पाहावा, आणि जॉगच्या वरच्या भागावरचे बोट न उचलता एक फेरी पूर्ण करावी. फरक १.८ च्या आसपास आला तर ठीक. तो दुप्पट किंवा निम्मा आला तर हाताची सवय चुकीची पडणार हे निश्चित, कारण पुढे कधी टर्नटेबलवर बसलात तर सगळी मापे नव्याने शिकावी लागतील.

रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो हे आकडे वापरणाऱ्याच्या हाती देत नाहीत. मिक्स्स देते, आणि या एका कारणासाठी तरी ते एकदा वापरून पाहावे. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत या कंट्रोलरचे मॅपिंग समाविष्ट आहे, आणि मॅपिंग म्हणजे कंट्रोलरची कोणती हालचाल सॉफ्टवेअरमध्ये काय करेल हे सांगणारी जावास्क्रिप्टची साधी फाइल. तीत स्क्रॅच सुरू करणाऱ्या ओळीत क्रमाने डेक, जॉगच्या एका फेरीतील खुणांची संख्या, मिनिटाच्या फेऱ्या, आणि अल्फा व बीटा असे दोन आकडे असतात. समजा जॉग एका फेरीत ७२० खुणा पाठवतो आणि फाइलमध्येही ७२० लिहिले आहे. मग प्रत्येक खुणेला आवाज अडीच मिलिसेकंद सरकतो आणि हिशेब जुळतो. त्याच जागी ३६० लिहिले तर हात अर्धी फेरी फिरतो आणि आवाज पूर्ण फेरी पळतो. अल्फा आणि बीटा हे आकडे हाताच्या हालचालीतील खडबडीतपणा किती घोटायचा हे ठरवतात. अल्फा एक-अष्टमांश आणि बीटा त्याचा बत्तिसावा भाग, या मापापासून सहसा सुरुवात केली जाते. अल्फा वाढवला की जॉग अधिक तडकाफडकी प्रतिसाद देतो, पण बारीक थरथरही आवाजात उतरते. कमी केला की आवाज गुळगुळीत होतो आणि हातामागे रेंगाळतो. स्क्रिबलसारखा मनगट ताठ ठेवून केलेला जलद कंप वाजवून पाहिला, की आपल्याला कोणते माप मानवते ते लगेच कळते. बदल करण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत मात्र बाजूला काढून ठेवावी.

या जॉगला मोटर नाही, आणि त्याचा परिणाम सरावावर होतो. टर्नटेबलवर हात सोडला की तबकडी फिरू लागते आणि तिच्यावर लावलेली खूण आवाजाची जागा दाखवत राहते. इथे हात सोडला की गाणे पुढे जाते आणि जॉग जागच्या जागी उभा राहतो, त्यामुळे खुणेचा आणि आवाजाचा संबंध पहिल्याच सोडणीला तुटतो. त्यावर उपाय असा, की नुसत्या पुढेमागे सरावासाठी डेक थांबवलेला ठेवावा, म्हणजे खूण खरी राहते. आणि सोडून देण्याच्या सरावासाठी डेक चालू ठेवून दर वेळी हॉट क्यूच्या पॅडने, म्हणजे ठरवलेल्या खुणेवर उडी मारणाऱ्या बटणाने, आवाजाच्या मुळाशी परत यावे. गाण्याच्या मधोमध स्क्रॅच करायचे असेल तर स्लिप चालू करावे. हात उचलल्यावर गाणे जिथे असायला हवे होते तिथूनच पुढे ऐकू येते.

आवाजाच्या निवडीला सहसा कोणी सेटिंग म्हणत नाही, पण इथे होणारा फरक वरच्या सगळ्यांच्या बरोबरीचा आहे. जगभर ‘आऽ’ आणि ‘फ्रेश’ हेच तुकडे घासले जातात, कारण त्यांत स्वच्छ सुरुवात आणि भरलेला स्वर आहे. आपल्या भाषेत अशा शब्दांना तोटा नाही. ‘भावा’मधला ‘भा’ उत्तम चालतो: ओठ उघडण्याचा धक्का, हवेचा झोत आणि लगेच उघडा स्वर. ‘खल्लास’ त्याहून मजेदार आहे. त्यातल्या ‘ल्ल’पाशी आवाज क्षणभर दबतो आणि फेडरला हात न लावताही एक तुकडा पडल्यासारखा वाटतो. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन सुरुवातीची शांतता काटेकोर छाटावी आणि तो डब्ल्यूएव्ही स्वरूपात जतन करावा. एमपी३ मध्ये रूपांतर करताना सुरुवातीला थोडी शांतता आपोआप जोडली जाते, आणि स्क्रॅचमध्ये ती नडते. क्यू व्यंजनावर ठेवू नये, त्याच्या किंचित आधी ठेवावा. धक्का ऐकू येण्यापूर्वी हाताला वेग घ्यायला तेवढी जागा लागते.

मांडणीबाबत एक अडचण उरते. प्रत्येक डेकची टेम्पोची पट्टी जॉगच्या उजवीकडे उभी आहे, त्यामुळे डाव्या जॉगवरून हात मिक्सरकडे नेताना ती वाटेत येते. टेम्पोची मर्यादा ±६ टक्क्यांवर आणून ठेवावी, म्हणजे चुकून धक्का लागला तरी गाणे फार भरकटत नाही. टर्नटेबलवाले डीजे तबकडीयंत्र आडवे फिरवून ठेवतात ते याच कारणाने. पायोनिअरच्याच डीडीजे-आरईव्ही१ मध्ये टेम्पोच्या पट्ट्या वरच्या बाजूला आडव्या नेल्या आहेत आणि पॅड मिक्सरच्या भागात आणले आहेत. ज्याने स्क्रॅचिंगच शिकायचे असे आधीपासून ठरवले आहे, त्याने एफएलएक्स४ न घेता आरईव्ही१ पाहावा. एफएलएक्स४ त्याच्यासाठी आहे ज्याला मुख्यतः मिक्सिंग करायचे आहे आणि मध्येच दोन-चार ओळी घासायच्या आहेत.

आणि मर्यादा? क्रॉसफेडर हलका आहे, पण तो डीजेंच्या स्क्रॅच-लढतींसाठी बनवलेला नाही. रेन वन या कंट्रोलरमध्ये किंवा डीडीजे-आरईव्ही७ मध्ये चुंबकीय, स्पर्शविरहित फेडर असतात, तो वर्ग वेगळा आणि किंमतही वेगळी. शिवाय त्या दोन्हींत मोटरवर फिरणाऱ्या सुमारे सात इंची तबकड्या आहेत. एफएलएक्स४ वर बेबी (फेडरशिवाय नुसते पुढेमागे घासणे), स्क्रिबल, चर्प, ट्रान्सफॉर्मर आणि एका खटक्याचा फ्लेअर समाधानाने वाजतो. क्रॅबमध्ये चार बोटे अंगठ्यावर ओळीने आपटून चार खटके काढायचे असतात, आणि तिथे या फेडरकडून अपेक्षा थोडी खाली आणावी. जॉगचा वरचा भाग बोटांचा स्पर्श ओळखून काम करतो, म्हणून मे महिन्यात मुंबईच्या घामात जवळ कोरडा रुमाल ठेवावा आणि लॅपटॉपचा चार्जर अर्थिंग असलेल्या तीन पिनी सॉकेटलाच लावावा. फेडरच्या फटीत धूळ जाते, तेव्हा काम झाल्यावर वर झाकण किंवा निदान स्वच्छ फडके टाकावे. फेडर खरखरू लागला तर वॉरंटी शिल्लक असेपर्यंत स्क्रू उघडू नयेत, अधिकृत सेवा केंद्राकडे न्यावे.